फुरसुंगी ते शेंडेनक्षत्र, व्हाया एकलहरे

आपल्या मराठी विभागातले चरित्रलेख जवळपास ठरलेले असतात. टिळक, सावरकर, कलाम सर आणि विश्वेश्वरय्या (हे तर आपल्याला कंपल्सरीच!). या सगळ्यांबद्दल आदर आहेच, पण यावेळी मी ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी धरण बांधलं नाही की रॉकेटही उडवलं नाही. त्यांनी आयुष्यभर अकरा ते पंधरा वयाच्या पोरांसाठी गोष्टी लिहिल्या. गोष्टीही कशा, तर जेवायला हाक आली तरी पुस्तकातून डोकं वर निघू नये अशा. त्यांचं नाव भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजेच भा. रा. भागवत. आणि खरंच ‘भारा’भर पुस्तकं लिहिली त्यांनी!

हा विषय का निवडला? आमच्या थर्मल कॉलनीत मी ‘वाचणारी मुलगी’ म्हणून उगाचच फेमस आहे. त्यामुळे परीक्षा संपल्या की कोणी ना कोणी काकू विचारतातच, आमच्याकडचा सातवीत गेलाय, त्याला वाचायला काहीतरी सुचव गं, पण मराठीत हं. इंग्लिशमधलं विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. फेमस फाइव्ह, हार्डी बॉइज, हॅरी पॉटर, पर्सी जॅक्सन... लिस्ट संपता संपत नाही. मराठी म्हटलं की मात्र माझी गाडी इसापनीतीवर सुरू व्हायची आणि एकदम ‘मृत्युंजय’वर थांबायची. मधलं सगळं ब्लँक. म्हणजे ज्या वयात मुलाला खजिना, भुयार, हेर, वादळ हे सगळं हवं असतं नेमकं तेच वय रिकामं. त्या वयात मुलगा मराठी वाचनापासून तुटला की तो परत येईलच याची गॅरंटी नाही. मी स्वतः कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत आवारात मराठी बोललं तर दंड होता, आणि मराठी विषय म्हणजे गाळलेल्या जागा भरा. त्यामुळे मी काय मिस केलं ते मला कॉलेजात आल्यावर, तेही काकूंच्या प्रश्नामुळे, कळलं. आईने तिच्या लहानपणीचं एक नाव सांगितलं, फास्टर फेणे. तिथून मी लेखकापर्यंत पोचले.

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान, तिथे मराठी माणसांची वस्ती आणि मराठी वातावरण आधीपासूनच. पुढे दिल्लीला आकाशवाणीत नोकरी लागली. त्या काळी रेडिओतली नोकरी म्हणजे काय मान असेल, विचार करा. पण १९४२ ची चळवळ पेटली आणि हे गृहस्थ नोकरी सोडून तिच्यात उतरले. चरित्रातल्या या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे कॅम्पसमध्ये एखाद्याने ऑफर नाकारली तर वर्षभर चर्चा चालते. इथे संसाराला नुकती सुरुवात झालेली (लीलावतीबाईंशी त्यांचं लग्न झालेलं होतं), तरी हातातली पगाराची नोकरी सोडायची! पुढे फास्टर फेणे दर पुस्तकात मागचापुढचा विचार न करता भलत्याच संकटात उडी मारतो, तेव्हा मला हाच माणूस दिसतो.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी मुलांसाठी लिहिणं हेच काम धरलं. १९५० च्या दशकात ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढून काही वर्षं चालवलं. लीलावतीबाई बरोबर होत्याच. त्या स्वतःही मुलांसाठी लिहायच्या, आणि मुंबई आकाशवाणीच्या वनिता मंडळामुळे घरोघरी माहीत होत्या. मराठीत मुलांची मासिकं त्याआधीही होती. वा. गो. आपट्यांनी ‘आनंद’ तर १९०६ सालीच सुरू केलं होतं. पण मासिक काढणं एक आणि चालवणं दुसरं. आपण वर्षातून एकदा हे मॅगझीन काढतो, तर जाहिरातींसाठी किती दुकानांचे उंबरे झिजवतो ते एडिटोरियल कमिटीला विचारा. मग दर महिन्याला अंक, वर्गणी, छपाई, टपाल, आणि वाचक असे की ज्यांच्या खिशात स्वतःचे पैसेच नाहीत! ‘बालमित्र’ही पुढे बंद झालं. भागवतांचं लिहिणं मात्र थांबलं नाही, उलट वाढलं.

आता फास्टर फेणे. खरं नाव बनेश फेणे, राहणारा फुरसुंगीचा. फुरसुंगी हे पुण्याजवळ हडपसरच्या पुढचं गाव. आजच्या पुणेकराला ते कचरा डेपोमुळे माहीत असतं, नाहीतर तिथल्या आयटी पार्कमुळे. आमच्या आईच्या पिढीला ते फक्त बन्यामुळे माहीत आहे. हा बन्या पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो. अंगाने काडी. जवळ सायकल, आणि ती हाणायची तर वाऱ्याच्या वेगाने. काही सुचलं किंवा काही गडबड दिसली की जिभेने टॉक् असा आवाज काढायचा, की समजायचं आता पुढच्या पानावर धमाल. या मालिकेची एकूण वीस पुस्तकं झाली. नुसती नावं वाचली तरी प्रवासाचा अंदाज येतो. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’. आणि माझं सगळ्यात आवडतं नाव, ‘ट्रिंग ट्रिंग फास्टर फेणे’!

मला यात काय आवडलं ते सांगते. फेमस फाइव्ह वाचताना मी कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्यावर जिंजर बिअर पीत होते. (जिंजर बिअर म्हणजे काय ते मला आजही धड माहीत नाही.) तिथली मुलं सुट्टीत बेटावर जातात, गुहेत जातात, आणि आपल्याला वाटतं की साहस हे असं लांब, थंड देशातच घडतं. भागवतांनी ते उचलून सिंहगड रोडच्या, लक्ष्मी रोडच्या जगात आणलं. हिरो श्रीमंत नाही, पैलवान नाही, गुप्तहेर खात्यातला तर नाहीच. शाळेत जाणारं खेड्यातलं पोर आहे. त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत, दोन पाय आणि दोन चाकं. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असं वाक्य टाकायचं तर, इनपुट एवढंसं आणि आउटपुट जबरदस्त. सातवीतल्या मुलाला हे पटतं, कारण सायकल त्याच्याकडेही असते.

दुसरं म्हणजे भाषा. मराठी पुस्तक म्हणजे जड असणार या भीतीनेच मी हातात घेतलं होतं. पण ही भाषा बोलल्यासारखी पळते. एखादा शब्द अडला तरी वाक्य आपल्याला ओढून पुढे नेतं, डिक्शनरी लागत नाही. माझ्यासारखी, जिला ‘एकोणऐंशी’ म्हणजे सत्तर का ऐंशी हे आजही एक सेकंद थांबून आठवावं लागतं, तीसुद्धा एक पुस्तक एका बैठकीत संपवते, तर काकूंच्या मुलाला काय अवघड?

फास्टर फेणेशिवाय त्यांचा आणखी एक मुलगा आहे, बिपिन बुकलवार. नावातच बुक आहे. हा पुस्तकवेडा. मला वाटतं, हा बिपिन म्हणजे भागवतांचा स्वतःचा जास्त जवळचा. फेणे पळतो तर बिपिन वाचतो, आणि लेखक दोन्ही करतो.

पण आपण इंजिनिअर लोक, आणि म्हणून मला भागवतांचं जे काम सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच आहे. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. व्हर्न हा फ्रेंच लेखक, १८२८ ते १९०५. पाणबुडी, चंद्रप्रवास, पृथ्वीच्या पोटातला प्रवास या सगळ्यावर त्याने जी पुस्तकं लिहिली त्यांना मराठीत भागवतांनी नावं दिली ती अशी. ‘समुद्रसैतान’, ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. बघा, एकही नाव भाषांतर केल्यासारखं वाटत नाही. शेंडेनक्षत्र हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. आजीला विचारलं तर ती हसलीच. धूमकेतू! शेंडी असलेलं नक्षत्र ते शेंडेनक्षत्र. इतका चित्रासारखा शब्द आपल्याकडे असताना आम्ही बारा वर्षं कॉमेट कॉमेट करत होतो.

‘चंद्रावर स्वारी’ची मूळ कादंबरी १८६५ ची. त्यात अमेरिकेतले तोफा बनवणारे लोक युद्ध संपल्यामुळे बेकार झालेले असतात, आणि वेळ जात नाही म्हणून चंद्रावर गोळा डागायचं ठरवतात. तोफ ९०० फूट लांब, जमिनीत उभी गाडलेली. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळपास ११ किलोमीटर. आता हा वेग पृथ्वीच्या मुक्तिवेगाच्या (११.२) किती जवळ आहे ते पहा! व्हर्नने गणित केलं होतं, उगाच फेकलं नव्हतं. मग मीही सबमिशनच्या रात्री जर्नल बाजूला ठेवून गणित केलं. फर्स्ट इयरचाच फॉर्म्युला, व्ही स्क्वेअर बरोबर टू ए एस. ९०० फूट म्हणजे २७४ मीटर. त्वरण निघतं सेकंद वर्गाला साधारण २ लाख २० हजार मीटर, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे २२ हजार पट. फायटर पायलट ९ पटीला बेशुद्ध पडायच्या बेतात असतो. म्हणजे ते तीन प्रवासी तोफेच्या तोंडातून बाहेर पडायच्या आधीच, एका सेकंदाच्या विसाव्या हिश्शात, चपातीसारखे चपटे! व्हर्नलाही शंका आली असणार, कारण त्याने गोळ्याच्या तळाशी धक्का शोषायला पाण्याचा थर दिलाय. तो काही पुरला नसता.

तरीही मी म्हणेन की हे पुस्तक आठवीच्या मुलाला द्याच. कारण चूक शोधायला मजा येते, आणि चूक शोधता शोधता तो मुलगा फिजिक्स करायला लागतो. शिवाय काही गोष्टी इतक्या जुळल्यात की अंगावर काटा येतो. व्हर्नची तोफ फ्लोरिडात, अपोलो ११ उडालं तेही फ्लोरिडातून. प्रवासी तिकडे तीन, इकडेही तीन. व्हर्नच्या तोफेचं नाव कोलंबियाड, अपोलोच्या मुख्य यानाचं नाव कोलंबिया. दुसऱ्या भागात व्हर्नचे प्रवासी परत येऊन पडतात ते पॅसिफिक महासागरात, आर्मस्ट्राँग आणि मंडळीही तिथेच. जुलै १९६९ मध्ये हे झालं तेव्हा भागवत ५९ वर्षांचे होते. मराठी मुलांना ज्याने चंद्राची तोफ दाखवली त्याला खरा चंद्र सर होताना बघायला मिळाला, हे मला फार छान वाटतं.

‘समुद्रसैतान’मध्ये कॅप्टन नेमो आणि त्याची पाणबुडी. मूळ पुस्तक १८७० चं, आणि पाणबुडी चालते विजेवर! ज्या काळात घरात विजेचा दिवा नव्हता त्या काळात. थर्मलच्या चिमण्या बघत वाढलेल्या आम्हाला वीज म्हणजे कोळसा, बॉयलर, टर्बाइन, एवढंच सुचतं. नेमो ती रसायनांतून आणि समुद्राच्या पाण्यातल्या सोडियममधून काढतो. आणि एक गोष्ट कितीजणांना माहीत आहे? हा नेमो भारतीय आहे. व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत (‘द मिस्टिरिअस आयलंड’, १८७५) सांगून टाकलंय की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या युद्धात इंग्रजांविरुद्ध लढलेला. सिनेमात बघून आपण त्याला गोरा समजत होतो!

व्हर्नचं आपल्याशी नातं इथेच संपत नाही. ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणारा त्याचा फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ ला मुंबईला उतरतो आणि रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. गाडी रात्रीतून घाट चढते, नाशिक मागे टाकते आणि सकाळी खानदेशात पोचते. पुस्तकात तसं चक्क नाशिकचं नाव आहे. आता ही लाइन कुठली? नाशिकरोड, मग ओढा, मग खेरवाडी, निफाड, मनमाड. म्हणजे फॉगसाहेब आपल्या कॉलेजपासून काही किलोमीटरवरून, एकलहऱ्याच्या शिवाराशेजारून, अंधारात झोपून गेले! तेव्हा इथे ना चिमण्या होत्या ना कूलिंग टॉवर. आता त्याच बाजूने कोळशाच्या वाघिणी येतात. मी ओढ्याच्या फाटकाशी थांबले की हे आठवतं आणि उगाच हसू येतं. मागचे स्कूटरवाले हॉर्न देतात.

भागवतांनी स्वतःच्या विज्ञानकथाही लिहिल्या, ‘उडती छबकडी’ ही त्यातली एक. मराठी विज्ञानकथा म्हटलं की आपल्याला जयंत नारळीकर आठवतात, आणि ते बरोबरच आहे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली तिथून मोठ्यांच्या विज्ञानकथेला जोर आला. पण ती वाचायला तयार झालेला वाचक आधी कुठेतरी घडला असणार ना? पाताळात, समुद्राखाली आणि चंद्रावर जाऊन आलेली ती मुलं मोठी झाली होती.

आता सगळंच गोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल ही जाहिरात आहे. मला खटकलेल्या गोष्टीही आहेत. फास्टर फेणेच्या जगात धाडस करायचं ते मुलांनी. मुली आहेत, पण बहुतेक वेळा बाजूला. मी बारा वर्षांची असताना वाचलं असतं तर चिडले असते. (जॉर्ज नावाच्या मुलीमुळे तर मी फेमस फाइव्ह वाचत होते.) योगायोग तर इतके की गुन्हेगार नेमके फेणे जिथे सायकल लावतो तिथेच कट करत बसलेले असतात. खलनायक पहिल्या पानावर ओळखू येतो. आणि आजच्या मुलाला ट्रंककॉल म्हणजे काय, तार म्हणजे काय हे सांगावं लागेल. पण एक गोष्ट मान्य करावीच लागते. भागवत मुलांना उपदेश करत नाहीत. आपल्याकडे मुलांचं पुस्तक म्हणजे शेवटी तात्पर्य हवंच, जसं औषधाच्या गोळीवर साखर. यांच्याकडे उलट, गोळीच नाही. त्या काळात मुलांसाठी आयुष्यभर लिहिणं म्हणजे मोठ्यांच्या साहित्यात मागच्या बाकावर बसणं होतं. भागवत त्या बाकावर आनंदाने बसले आणि खोड्या करत राहिले.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली. त्यात बन्या झाला होता सुमीत राघवन. आई सांगते की त्या वेळी कॉलनीतली पोरं सायकलवरून जाताना टॉक् टॉक् करत जायची आणि मोठी माणसं वैतागायची. भागवतांना भरपूर आयुष्य लाभलं. २७ ऑक्टोबर २००१ ला ते गेले तेव्हा ९१ वर्षांचे होते. पुढे बरोबर सोळा वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०१७ ला, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनीच ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला. त्यात अमेय वाघचा फेणे शाळकरी नाही, मेडिकल एन्ट्रन्सला बसणारा आहे, आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत झालेत. लेखकच आपल्या पात्राला भेटतो. सिनेमा चांगला आहे, बघाच. पण तो मोठ्यांसाठी आहे, सातवीतल्या मुलाला आधी पुस्तक द्या.

कोणाला काय द्यायचं, तर माझा अनुभव असा. पाचवी-सहावीसाठी फास्टर फेणेचं कुठलंही पुस्तक, नंबर बघायची गरज नाही, मधूनच सुरू करा. मुलगा क्रिकेटवाला आणि अजिबात न वाचणारा असेल तर ‘फास्टर फेणे टोला हाणतो’. सातवी-आठवीला ‘समुद्रसैतान’, नंतर ‘चंद्रावर स्वारी’. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ रात्री एकट्याने वाचायला. जो म्हणतो मला सायन्स आवडतं पण गोष्टी आवडत नाहीत त्याला ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. त्यात एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जाताना जमिनीचा तुकडा माणसांसकट उचलून नेतो! आणि घरच्यांना एक विनंती. मुलाने वाचून झाल्यावर त्यातून काय शिकलास असं विचारू नका. पुढे काय झालं एवढंच विचारा.

पुस्तकं मिळतात, दुर्मिळ नाहीत. गावात जायला वेळ असेल तर १८४० सालापासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ मध्ये नाशिकमधूनच सुरू झाली, शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचून झाली की पुढच्या गटाकडे. आमच्या बिल्डिंगमध्ये मी त्याचीच छोटी नक्कल केलीय. पेटीऐवजी बुटांचा रिकामा खोका, आणि त्यात सध्या नऊ पुस्तकं. नावं लिहायला एक वही आहे. ‘समुद्रसैतान’ तिसऱ्या मजल्यावर गेलंय आणि तीन आठवडे झाले, परत आलेलं नाही. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’साठी वहीत चार नावं आहेत, त्यातलं चौथं आमच्या वॉचमनकाकांचं.